कल्पक, मनमिळाऊ आणि चंचल : एका स्वभावाचा आढावा

काही माणसांना नव्या कल्पना सहज सुचतात, चार माणसांत मिसळल्यावाचून त्यांना करमत नाही, आणि हाती घेतलेले काम तडीस जाण्याआधीच त्यांचे चित्त दुसरीकडे ओढले जाते. हे तीन धर्म एकाच व्यक्तीच्या ठायी इतक्या वेळा एकवटलेले आढळतात की, त्यांची मिळून एक स्वतंत्र प्रकृतीच असावी, अशी समजूत निरनिराळ्या देशांत आणि निरनिराळ्या काळी रूढ झालेली दिसते. आपल्या घरांतून अशा मुलाविषयी जे बोलले जाते त्यातही पिढ्यान्‌पिढ्या फारसा फरक पडलेला नाही. गणपतीची आरास त्याच्यावर सोपवताना तो हरहुन्नरी असतो, आणि सहामाहीचे प्रगतिपुस्तक हाती पडताच तोच आरंभशूर, धरसोड्या, एका जागी बूड न टेकणारा ठरतो. हा स्वभाव म्हणजे देहाची घडण आहे, नीतीची उणीव आहे, औषधोपचाराचा विषय आहे, की तीन वेगळ्या प्रवृत्तींचा एका ठिकाणी पडलेला मुक्काम आहे, या प्रश्नाला वैद्यांनी, संतांनी, तत्त्वज्ञांनी आणि अलीकडच्या मानसशास्त्रज्ञांनी दिलेली उत्तरे एकत्र ठेवून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. माझे मत आरंभीच नमूद करतो. या स्वभावातील गुण आणि दोष एकाच मुळापासून फुटतात, आणि त्यांपैकी कशाला फळ धरेल हे त्या माणसाला मिळालेले काम व भेटलेली माणसे यांवर फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असते.

हा स्वभाव पुस्तकाबाहेर पाहावयाचा असेल, तर भिवंडीचा धामणकर नाका ही त्याला योग्य जागा आहे. ठाण्याहून काल्हेर आणि अंजूरफाटा या वाटेने येणारी वर्दळ येथे शहरात शिरते. ठाण्याच्या कापूरबावडीपासून आखलेल्या मेट्रो मार्ग क्रमांक ५ चा पहिला टप्पाही याच नाक्यापर्यंतचा आहे. जवळच्या पद्मनगरात तेलुगू भाषक पद्मशाली विणकरांची वस्ती आहे. आझमगड-मऊच्या मुलखातून आलेले मोमीन विणकर, आसपासच्या गावांतील आगरी, सुताचे आणि कापडाचे गुजराती व मारवाडी व्यापारी, हे सारे या एका शहरात नांदतात. अशा ठिकाणी ज्याचे दुकान नाही, ज्याची पेढी नाही, परंतु कोणत्या कारखान्यात माग रिकामे उभे आहेत, कोणाचे बीम साइझिंगला अडकले आहे, कोणत्या मेहताजीने हिशेब तुंबवून ठेवला आहे, याची ज्याला सकाळी दहाच्या आत वर्दी असते, असा एखादा माणूस तयार होणे अगदी स्वाभाविक असते. तो एकाशी उर्दूत बोलत असताना दुसऱ्याला तेलुगूत हाक घालतो, तिसऱ्याच्या मुलाच्या प्रवेशाची चौकशी आगरी बोलीत करतो, आणि या सगळ्या धांदलीत सुताच्या दोन पोत्यांचा जो निरोप पोहोचवण्यासाठी तो घरून निघालेला असतो तो सायंकाळपर्यंत खिशातच राहतो. निरोप राहिला म्हणून त्याच्यावर रागावणारे गृहस्थच दुसऱ्या दिवशी नवा ग्राहक हवा म्हणून त्याचा शोध घेत येतात, आणि त्यांचे हे दोन्ही वागणे योग्य असते.

याच शहराच्या मागाच्या खोलीत गेले की, अवधानाचा प्रश्न वेगळ्या स्वरूपात पुढे उभा राहतो. साध्या यंत्रमागावर एका कारागिराकडे बहुधा सहा-आठ माग असतात, पाळी बारा तासांची असते, आणि आवाज इतका असतो की शेजारच्या माणसाशीही खुणांनीच बोलावे लागते. धोट्यातील कांडी संपत आली की ती बदलावयाची, उभा धागा तुटला की तो शोधून ओवावयाचा व गाठ मारावयाची. आणि धागा तुटला तरी साधा माग आपण होऊन थांबेलच अशी शाश्वती नसल्याने दोष वेळीच दिसला नाही, तर ताक्यात वीतभर लांबीची चीर उतरते व तिचे पैसे मजुरीतून वळते होतात. येथे लागणारे लक्ष एका बिंदूवर खिळलेले नसते. ते गस्तीच्या शिपायासारखे अखंड फिरत असते, सातव्या मागाचा बदललेला नाद पहिल्या मागापाशी उभे असताना टिपते, आणि तरीही ठरलेल्या फेरीबाहेर जात नाही. अनवधानी म्हणून ज्याला आपण नावे ठेवतो त्या माणसाच्या अंगी या अवधानाचा पूर्वार्ध भरपूर असतो, म्हणजे बाहेरचा प्रत्येक बदल त्याच्यापर्यंत पोहोचतो. उत्तरार्ध, म्हणजे फेरीवर परत येणे, त्याला कष्टाने कमवावा लागतो. लक्ष कमी असणे आणि लक्षावर नियमन कमी असणे या दोन गोष्टींची आपल्या बोलण्यात सरमिसळ होते, आणि मुलांवर होणारा पुष्कळसा अन्याय या सरमिसळीतून होतो, असे मला वाटते.

आपल्याकडील जुने आणि पद्धतशीर उत्तर वैद्यकाचे आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात वातप्रकृतीचे वर्णन करताना पुष्कळ बोलणे, कामाला घाईने हात घालणे, भय, प्रीती आणि अप्रीती चटकन उत्पन्न होणे, ऐकलेले तत्काळ ग्रहण करणे व त्याचबरोबर स्मृती अल्प असणे, ही लक्षणे सांगितली आहेत, आणि त्यांचे कारण म्हणून वायूचे चलत्व, शीघ्रत्व व बहुत्व हे गुण दाखविले आहेत. वाग्भटाने अष्टांगहृदयात वात, पित्त आणि कफ या प्रकृतींची हीन, मध्यम आणि उत्तम अशी प्रतवारी लावली. वातप्रकृतीच्या माणसाला गाणे, हास्य आणि कलह यांची ओढ असते असे म्हणून त्याने त्याची तुलना कुत्रा, कोल्हा, उंट, उंदीर आणि कावळा यांच्याशी केली. एवढ्यावर थांबले तर या स्वभावाविषयी शास्त्राचा कौल प्रतिकूल पडला, असेच म्हणावे लागेल. परंतु चरकसंहितेच्या शारीरस्थानात मनाच्या घडणीचे जे सोळा प्रकार वर्णिले आहेत, त्यांत शुद्ध सत्त्वाच्या सात प्रकारांमध्ये गांधर्व नावाचा एक आहे: नृत्य, गीत, वाद्य, श्लोक, आख्यायिका, इतिहास आणि पुराणे यांत कुशल, गंधमाल्यांचा रसिक, आणि कोणाचा मत्सर न करणारा. राजस प्रकारांत पुन्हा शाकुन म्हणजे पक्ष्यासारखा एक प्रकार येतो. तो अस्थिर, असहिष्णू, खाण्याफिरण्यात रमणारा आणि संचय न करणारा असतो.

चरकसंहितेतील हे तीन उतारे एकापुढे एक ठेवून वाचले असता असे दिसते की, बडबड, त्वरा, कलासक्ती, मनमोकळेपणा आणि अस्थैर्य या एकाच परिवारातील लक्षणांना एका संहितेने देहाच्या प्रकरणात एक स्थान दिले, मनाच्या शुद्ध कोटीत दुसरे दिले, आणि रजोगुणाच्या कोटीत तिसरे दिले. वर्गीकरण करणाऱ्याचा हा गोंधळ आहे, असे कोणी म्हणेल. मला मात्र यात निरीक्षणाची प्रामाणिकता दिसते. ज्या वैद्याने रोगी आणि निरोगी अशी सहस्रावधी माणसे पाहिली असतील, त्याला एकच चंचलता एका घरी सुरेल झालेली आणि दुसऱ्या घरी उधळलेली दिसली असली पाहिजे.

संतवाङ्मयात हा प्रश्न मोक्षमार्गाच्या अनुषंगाने येतो, आणि म्हणून तेथे चांचल्य हा सर्वांचाच दोष असतो, एखाद्या स्वभावाचा नव्हे. समर्थ रामदासांच्या दासबोधातील दुसऱ्या दशकात मूर्ख, पढतमूर्ख, रजोगुणी, तमोगुणी अशी लक्षणांची जी मालिका आहे ती शिस्त लावणाऱ्या वडीलधाऱ्याची आहे. तिचा मराठी घरांवरील प्रभाव मोठा आहे, आणि आरंभशूराविषयीची आपली कठोरता काही अंशी त्या परंपरेतून आलेली आहे. याहून मला अधिक मोलाचे वाटते ते ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातील विवेचन. मन वाऱ्यासारखे अनावर आहे, ही अर्जुनाची तक्रार श्रीकृष्ण मान्य करतो, अभ्यास आणि वैराग्य हा उपाय सांगतो. आणि त्या उपदेशाचा विस्तार करताना ज्ञानदेव मनाच्या एका चांगल्या गुणाकडे लक्ष वेधतात, तो असा की, एकदा ज्या ठिकाणी त्याला गोडी लागली तेथे ते सवयीने पुन्हा पुन्हा जाते, म्हणून त्याला अनुभवाचे सुख दाखवीत जावे. चंचल मनाला बांधून घालण्याची भाषा सर्वत्र आढळते. त्याला रुचीने वळवावे, हा विचार तेराव्या शतकात इतक्या स्वच्छपणे मांडला गेला होता, ही गोष्ट आपल्या शिक्षणशास्त्राने जितकी ध्यानात घ्यावयास हवी तितकी घेतलेली नाही.

पाश्चात्त्य परंपरेत ग्रीक वैद्यकाने चार देहरसांवरून चार स्वभाव ठरविले, दुसऱ्या शतकात गेलनने ती मांडणी सुस्थिर केली, आणि रक्तप्रधान स्वभावाचा आनंदी, बोलका, उथळ माणूस पुढे दीड हजार वर्षे युरोपच्या ग्रंथांतून वावरत राहिला. इमान्युएल कांटने १७९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या मानवशास्त्रावरील ग्रंथात त्याचे जे चित्र काढले आहे ते आजही ओळखू येते: हा माणूस वचन देतो तेव्हा ते मनापासून देतो, परंतु ते पाळण्याचे सामर्थ्य आपल्यापाशी आहे की नाही याचा विचार त्याने केलेला नसतो; मैफलीत तो हवाहवासा असतो, आणि ऋणको म्हणून वाईट, कारण तो सदैव मुदत वाढवून मागतो. योगायोग असा की, त्याच १७९८ साली अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश वैद्याने मनोविकारांवरील आपल्या ग्रंथात अवधानाच्या अस्थिरतेला एक प्रकरण वाहिले, आणि ती जन्मजात असू शकते असे म्हटले. एकाच साली एका तत्त्ववेत्त्याने जिला स्वभाव म्हटले आणि एका वैद्याने जिला व्याधी म्हटले, त्या एका गोष्टीच्या दोन वाटा पुढे वेगवेगळ्या झाल्या, त्या आजतागायत.

स्वभावाच्या वाटेने पुढे गेलेला मोठा विचारवंत कार्ल युंग. १९२१ मध्ये त्याने मांडलेल्या मनोप्रकारांत बहिर्मुख अंतःप्रज्ञेचा एक प्रकार आहे. या माणसाला वस्तू आज काय आहे यापेक्षा उद्या काय होऊ शकेल ते आधी दिसते. तो शेत पेरतो, आणि पीक हाती येण्यापूर्वीच नव्या शेताकडे वळतो, त्यामुळे कापणी दुसऱ्याच्या वाट्याला जाते. कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची कन्या इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी युंगच्या मांडणीवरून दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जी प्रश्नावली घडविली, तिच्या सोळा प्रकारांपैकी ई-एन-एफ-पी या चार अक्षरांचा प्रकार म्हणजे आपला कल्पक, माणसांत रमणारा, चंचल मनुष्य होय. नोकरभरतीपासून विवाहापर्यंत आज ही अक्षरे विचारली जातात. या प्रश्नावलीची मोठी अडचण अशी की, बहुतेक माणसे प्रत्येक कसोटीवर मध्याच्या आसपास असतात, तेथे रेघ ओढून अर्ध्यांना बहिर्मुख आणि अर्ध्यांना अंतर्मुख म्हणावे लागते. काही आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरून घेतली तर पुष्कळांचा प्रकार बदललेला निघतो. शिवाय आपल्याविषयीचे कोणतेही गोड आणि मोघम वर्णन आपल्याला पटते, हे बर्ट्रम फोररने १९४८ मध्येच दाखवून दिले होते: त्याने ३९ विद्यार्थ्यांना प्रत्येकाचे स्वतंत्र म्हणून एकच वर्णन वाटले, आणि त्यांनी त्याच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले.

गुणविशेषांची मोजदाद करणारा संप्रदाय याहून भरवशाचा ठरला. ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट यांनी १९३६ मध्ये इंग्रजी कोशातून माणसाचे वर्णन करणारे सुमारे १८,००० शब्द वेचून काढले, आणि पुढील पन्नास वर्षांच्या गणितातून त्यांचे पाच मोठे गट हाती आले. या पंचकात आपला स्वभाव तीन ठिकाणी विभागला जातो: कल्पकता ही नवानुभवाकडील मोकळेपणात, मनमिळाऊपणा बहिर्मुखतेत, आणि अनवधान हे दक्षतेच्या उणिवेत. पहिल्या दोहोंचा एकमेकांशी थोडाफार संबंध आढळतो, कारण दोहोंच्या तळाशी नव्याचा शोध आहे. तिसऱ्याचा त्यांच्याशी अपरिहार्य असा संबंध नाही. कल्पक आणि बोलकी असूनही कामाला चोख असणारी माणसे पुष्कळ असतात, पण त्यांच्या चोखपणाचा बोभाटा होत नाही म्हणून ती आपल्या ध्यानात राहत नाहीत. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून या गुणांतील फरकांचा सुमारे निम्मा वाटा आनुवंशिकतेकडे जातो. तरीही दक्षता तारुण्यात वाढत जाते, असे दीर्घकाल चाललेल्या पाहण्यांचा २००६ मध्ये जो एकत्रित हिशेब झाला त्यात स्पष्ट दिसले. ज्या पालकांना आपला बारा वर्षांचा मुलगा जन्मभर असाच राहणार या चिंतेने झोप लागत नाही, त्यांना हा निष्कर्ष सांगण्यासारखा आहे.

अनवधान आणि प्रतिभा यांच्या नात्याविषयी पुष्कळ सैल लिहिले जाते. २००३ मध्ये शेली कार्सन आणि तिच्या सहकाऱ्यांनी हार्वर्डमधील विद्यार्थ्यांवर जे संशोधन केले, त्यात विशेष निर्मितीक्षम विद्यार्थ्यांच्या मनाची बिनमहत्त्वाच्या गोष्टी गाळून टाकण्याची चाळणी इतरांपेक्षा विरळ असल्याचे आढळले. पण त्याच संशोधनाचा दुसरा भाग असा की, विरळ चाळणीबरोबर तीव्र बुद्धीही असेल तेव्हाच आत आलेल्या पसाऱ्यातून काही घडते. विचलित होणे हे प्रतिभेचे लक्षण आहे, असा दिलासा यावरून कोणी देऊ नये.

महाराष्ट्राच्या इतिहासात या स्वभावाची परीक्षा पाहावयाची तर दादासाहेब फाळके यांच्या चरित्राइतके बोलके उदाहरण मला दुसरे दिसत नाही. १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या या माणसाने जे. जे. कलाशाळा आणि बडोद्याचे कलाभवन येथे शिक्षण घेतले, गोध्र्यास छायाचित्रांचा धंदा केला, पुरातत्त्व खात्यात आरेखकाची नोकरी धरली आणि सोडली, छापखाना काढला, रंगीत छपाईसाठी जर्मनी गाठली, भागीदारांशी बिनसल्यावर तोही व्यवसाय सोडला, आणि मधल्या काळात प्रोफेसर केळफा या नावाने जादूचे प्रयोगही केले. चाळिशीपर्यंतचा हा जमाखर्च पाहून कोणत्याही वडिलांनी धरसोडीचा ठपका ठेवला असता. मग गिरगावात एका तंबूत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट त्यांनी पाहिला, आणि १९१३ मध्ये राजा हरिश्चंद्र पडद्यावर आला. या दोहोंच्या दरम्यानची एक गोष्ट माझ्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून फाळक्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा लावून त्याचा वेल होईपर्यंत, दिवसामागून दिवस, कॅमेरा न हलवता, थोडी थोडी फिल्म फिरवून अंकुराची वाढ चित्रित केली. ज्याला एका धंद्यात स्थिर राहता आले नव्हते तो माणूस एका दाण्यापाशी आठवडेच्या आठवडे चिकटून बसला. ज्ञानदेवांनी सांगितलेली गोडीची जागा त्याला सापडली होती.

त्या चिकाटीला आधार कोणाचा होता, हेही विसरून चालणार नाही. सरस्वतीबाई फाळके यांनी दागिने काढून दिले, अंधारात बसून कच्च्या फिल्मला भोके पाडली, ती धुतली, आणि दिवसभर राबणाऱ्या साऱ्या मंडळींचा स्वयंपाक केला. कल्पक पुरुषांच्या चरित्रांत अशी नावे तळटिपेत जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते. पुढे त्यांची चित्रपट कंपनी नावारूपाला आल्यावर भागीदारांशी मतभेद होऊन फाळके ती सोडून काशीस निघून गेले, तेथे रंगभूमी हे नाटक लिहिले, आणि १९२२ च्या सुमारास पुन्हा परत आले. म्हणजे मूळ स्वभाव यशानेही बदलला नव्हता. आचार्य अत्रे यांचे उदाहरण याच जातीचे: शिक्षक, विडंबनकार, नाटककार, चित्रपटकार, संपादक, वक्ता, इतके उद्योग एका आयुष्यात सामावण्यास माणसांचा जो अखंड संपर्क आणि रोजच्या दैनिकाची जी सक्ती लागते, ती त्यांना लाभली.

मनमिळाऊपणाच्या सामाजिक मोलाविषयी भिवंडीपाशीच एक सबळ पुरावा आहे. १९८४ च्या दंगलीने होरपळलेल्या या शहरात पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या उभारल्या. दोन्ही समाजांतील सामान्य रहिवाशांनी गल्लीतल्या तक्रारी एकत्र बसून बोलाव्यात, एवढीच त्यांची तजवीज होती. आणि डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली. अशा बैठकीत ज्याचे चार वस्त्यांत येणेजाणे आहे, ज्याला प्रत्येकाच्या घरचे ठाऊक आहे, अशा माणसाचे मोल एखाद्या अबोल कार्यतत्पर माणसापेक्षा अधिक असते. नाक्यावर वेळ दवडणे म्हणून ज्याची संभावना होते, त्या येण्याजाण्यातून ही ओळख जमा झालेली असते.

शाळेचे दप्तर अद्याप या बाबतीत बरेच मागे आहे. जे. पी. गिलफर्डने १९५० मध्ये अमेरिकन मानसशास्त्र परिषदेच्या अध्यक्षपदावरून निर्मितिक्षमतेच्या अभ्यासाचा आग्रह धरला, आणि अप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या ज्ञान प्रबोधिनीने त्याच्या बुद्धिविषयक मांडणीवर आधारलेल्या चाचण्या मराठी मुलांसाठी वापरात आणल्या. राज्य मंडळाने २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची कलचाचणी घेतली. तू कोणत्या प्रकारचा आहेस यापेक्षा तुला कशात रुची आहे, हा तिचा प्रश्न मला अधिक योग्य वाटतो. रोजच्या वर्गात मात्र साठ मुलांपुढे उभ्या असलेल्या शिक्षकाला चुळबुळणारे मूल हे अडथळाच वाटते, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

राहिली क्रायटनची वाट. १९०२ मध्ये लंडनच्या जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने व्याख्यानांतून अशा मुलांचे वर्णन केले, १९८० मध्ये अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानसूचीत अवधानाच्या उणिवेचा विकार नोंदला गेला, आणि १९८७ मध्ये त्याला आजचे अतिचंचलतेसह नाव मिळाले. सध्याच्या, २०१३ च्या, निकषांप्रमाणे अनवधानाच्या नऊ लक्षणांपैकी मुलांत निदान सहा लक्षणे सहा महिने टिकलेली असावी लागतात. त्यांतील काही बाराव्या वर्षाआधीची असावीत, घर आणि शाळा यांसारख्या दोन ठिकाणी ती दिसावीत, आणि त्यामुळे अभ्यासात किंवा व्यवहारात खरोखरच अडथळा होत असावा. धामणकर नाक्यावरचा जो माणूस निरोप विसरूनही सुखाने संसार करतो त्याला या सूचीत ओढून बसवण्याचे कारण नाही. आणि जे मूल रडून रात्री पुस्तक पुढे घेऊन बसते, तरी एक पान पुरे करू शकत नाही, त्याला स्वभावच तसा आहे म्हणून सोडून देणे हे अपकृत्य आहे. भिवंडीकरांना यासाठी फार दूर जावे लागत नाही. ठाण्यात १९०१ पासूनचे मनोरुग्णालय आहे, आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्थाही आहे. जाताना पालकांनी वर्गशिक्षिकेकडून दोन गोष्टी लिहून घ्याव्यात: मुलाचे लक्ष कोणकोणत्या वेळी सुटते, आणि कोणत्या कामात ते तासभर सुटत नाही. पहिली माहिती निदानासाठी लागते. दुसरी विचारण्याचे बहुधा कोणालाच सुचत नाही, आणि पुढचा सारा मार्ग तिच्यावरून ठरवावा लागतो.